पंख्याखालची जागा

मला चार गावं आणि दोन बंजारा तांडे 'डॉक्टर' म्हणतात. मी डॉक्टर नाही. मी पशुधन पर्यवेक्षक आहे, म्हणजे ढोरांना लस टोचणारा, कानात पिवळे बिल्ले मारणारा आणि अडलेल्या गाईसाठी पहाटे धावणारा सरकारी माणूस. खरे डॉक्टर तालुक्याला खुर्चीवर बसतात, मी मोटारसायकलवर बसतो. सुरुवातीला मी लोकांना दुरुस्त करायचो. मग वैतागून सोडून दिलं.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो. मला राग लवकर येतो, आणि एखादी गोष्ट का होते ते कळेपर्यंत जेवण गोड लागत नाही. बायको म्हणते, "तुमी जलमले तवा रडले नसान, 'काहून' म्हनलं असान." तिसरी गोष्ट म्हणजे सल्ले देण्याची हौस. दवाखान्याच्या भिंतीवर माझ्या हातानं लाल रंगात लिहिलेल्या सूचना आहेत आणि लोक त्या पाळतात, याचा मला फार अभिमान होता.

चौथी गोष्ट घराण्याची. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बोलावणं यायचं ते मेलेल्या ढोरासाठी. गावात बैल मेला की तो ओढून न्यायचं काम आमचं, विचारायची पद्धतच नव्हती. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि माझ्या आजोबांनी ढोर ओढायचा दोर नदीच्या डोहात फेकून दिला. त्या दिवसापासून आमच्या घरात मेलेल्या ढोराला दोर बांधायचा नाही, हे ठरलं. जिवंत ढोरासाठी बोलावणं येणारा आमच्या घरातला मी पहिला. माझ्या नोकरीचा कागद आला तेव्हा वडिलांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "आता जित्यायचं पाहा." म्हणून जनावर मेलं की मी कागद करतो, कानातला बिल्ला काढून घेतो आणि लांब उभा राहतो. पुढचं मालकाचं मालकानं पाहावं.

फुलसावंगीकडून तांड्यावर जाताना डाव्या हाताला एक लांबलचक माळ चढत जातो आणि एका जागी कापल्यासारखा खाली उतरतो. त्या कडेवर काही वर्षांपूर्वी पवनचक्क्या आल्या. पहिलं पातं ट्रेलरवरून आलं त्या दिवशी फुलसावंगीच्या वळणावर रस्ता अडला आणि सगळं गाव बघायला जमलं. मी पात्याच्या कडेनं चालत ते पावलांनी मोजलं. ऐंशी पावलं भरली, आणि माझं पाऊल काही लहान नाही.

लोक त्यांना पंखेच म्हणायला लागले. तांड्यातल्या एका म्हातारीनं तिथल्या इंजिनिअरला विचारलं, "हा पंखा वारा देते का घेते?" त्यानं बिचाऱ्यानं बराच वेळ समजावलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे घेते." तिचाच मुलगा पुढे तिसऱ्या पंख्याखाली राखणदार म्हणून लागला. चाळिशी उलटलेला, कमी बोलणारा, शेतीही करणारा माणूस. त्याच्या बैलाचा खूर मी बरा केला होता, तेव्हापासून आमचं जमतं.

गेल्या पौषात एका सकाळी त्याचा फोन आला.

"डॉक्टरसाहेब, एक पेशंट हाय. लवकर या."

"गाय का बैल?"

"पाखरू हाय."

मी चिडलो. पाखरांचं मला काय कळतं? पण मोटारसायकल काढली, कारण तो उगाच फोन करणाऱ्यातला नव्हता.

पंख्याच्या ओट्यापासून थोड्या अंतरावर त्यानं आपल्या घोंगडीवर एक गरुड ठेवला होता. आभाळात बोटाएवढा दिसणारा पक्षी जवळून एवढा मोठा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. रंग पिंगट, पाय पोटरीसारखे जाड, पिसं थेट बोटांपर्यंत. डावा पंख खांद्यापासून तुटून फक्त कातड्यानं लटकत होता. त्याचा डोळा माझ्याकडे लागलेला होता आणि त्या डोळ्यात भीती नव्हती, राग होता. मी हातमोजे चढवेपर्यंत तो गेला. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त आश्चर्य वाटलं. माळावरचा उंदीर आभाळातून टिपणाऱ्या या प्राण्याला एवढा मोठा पंखा दिसला कसा नाही?

राखणदार खाली बसून म्हणाला, "साहेब, याची जोडी हाय. तिकडं उताराले हिवराच्या झाडावर घरटं हाय. पांढरं पिल्लू हाय त्यात, म्या पाह्यलं. आता एकटीच राह्यली. तीबी इथंच येते."

आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं घोंगडीचं टोक पक्ष्यावर ओढलं. माझ्याही लक्षात आलं होतं. तीही गेली तर पिल्लू घरट्यात भुकेनं मरणार.

वनरक्षकाला बोलावलं. पंचनामा झाला. दुपारी आमच्या मोठ्या डॉक्टरांनी पक्षी उघडला आणि मी तो धरून बसलो. गळ्याखालची पिशवी मांसानं गच्च भरलेली होती. पिल्लासाठी नेत असणार. त्या मांसाला कातड्याचा एक तुकडा चिकटलेला होता, त्यावर गडद तांबडे, आखूड केस.

"गाईचं दिसतं," मोठे डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी तो तुकडा पाहतच राहिलो. तांबडी गाय आसपासच्या चार गावांत एकच होती, लाल कंधारी जातीची, तांड्याच्या मुखियाची, म्हणजे नायकाची. तीन दिवसांपूर्वी ती मेली तेव्हा तिच्या कानातला बिल्ला मीच काढून आणला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा माळावर गेलो. नोकरीचं काही काम नव्हतं, निव्वळ 'काहून' होतं. राखणदारानं चहा दिला आणि आम्ही दोघं ओट्यावर उताणे पडून वर पाहत राहिलो. तो म्हणाला, "पातं तं हळूच फिरते ना साहेब. बैलगाडीचं चाक याच्याहून जोरात फिरते."

मलाही तसंच वाटत होतं. मग माझी नजर जमिनीवर गेली. पात्याची सावली कापून झालेल्या तुरीच्या रानावरून फिरत होती. मधली सावली सावकाश चालायची, टोकाची सावली मात्र दिसते न दिसते तोच पार. मला चेव आला. मोटारसायकल काढली आणि शेताच्या धुऱ्याकडेच्या गाडीवाटेवर तिच्याशी शर्यत लावली. पन्नाशी उलटलेला सरकारी कर्मचारी हेल्मेट घालून सावलीमागे धावतोय, हे राखणदारानं पुढे गावभर सांगितलं. सावली माझ्या अंगावरून निघून गेली तेव्हा माझा काटा साठावर होता आणि ती माझ्या किती पुढे निघून गेली ते कळलंही नाही. म्हणजे खालून हळू दिसणारं पातं टोकाला भलतंच वेगात असतं. अर्धं कोडं सुटलं.

उरलेलं अर्धं माझ्या कपाळानं सोडवलं. नायकाची गाय कुठे टाकली ते शोधायला मी निघालो. मान खाली, नजर जमिनीवर. एक बरगडी दिसली, पुढे दुसरी, मग शिंगासकट कवटी. कवटीच्या पलीकडे जुनी, पांढरी पडलेली हाडं होती, किती तरी ढोरांची. मी हाडं बघत पुढे सरकलो आणि धाडकन कपाळ पंख्याच्या लोखंडी जिन्यावर आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. राखणदार धावत आला.

"साहेब, एवढा मोठा जिना दिसला नाई तुमाले?"

मी कपाळ धरून खाली बसलो आणि मला हसू फुटलं. जिना दिसला नव्हता, कारण मी खाली पाहत होतो. गरुड तरी दुसरं काय करत होता? खाली मांस पडलेलं, त्याची मान खाली, नजर खाली. समोरचा पंखा त्याच्या ध्यानीमनी नाही. नजर कितीही तेज असली तरी ती एका वेळी एकाच जागी असते. त्याच्या डोळ्यांत काही खोट नव्हती.

हसू ओसरलं तसं मी त्या पांढऱ्या हाडांकडे पाहिलं. एवढी ढोरं बरोबर इथंच कशी आली?

"इथं कोण आणून टाकतं रे हे सगळं?"

राखणदारानं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "सगळेच आनतात. तुमीच तं सांगतलं होतं."

मीच सांगितलं होतं, आणि सांगून विसरून गेलो होतो. पूर्वी तांड्याचे आणि फुलसावंगी गावाचे लोक मेलेलं ढोर नाल्यात टाकायचे. नाल्याचं पाणी पुढे विहिरीत पाझरायचं. एका उन्हाळ्यात मी त्यांच्यावर असा भडकलो की नायकानंही पागोटं काढून हातात घेतलं. मग मीच माळाची ही कड दाखवली. इथं वारा असतो, वास गावात येणार नाही, पाणी खराब होणार नाही. शिवाय पाखरं दोन दिवसांत साफ करतील, हेही मीच म्हणालो होतो. भिंतीवरची तिसरी सूचना तीच आहे: 'मृत जनावर नाल्यात टाकू नये. माळावरील कडेस नेऊन टाकावे.' तेव्हा तिथे पंखे नव्हते. नंतर ज्या वाऱ्यासाठी मी ती जागा निवडली, त्याच वाऱ्यासाठी पंखेवाल्यांनी निवडली. लोक माझी सूचना इमानदारीनं पाळत राहिले आणि ती मागे घ्यावी हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. पक्षी पंख्याला धडकतात म्हणून दोन दिवस मी मनातल्या मनात सगळ्या जगाला शिव्या देत होतो. आता त्यातल्या निम्म्या मला घरी न्याव्या लागणार होत्या.

मी राखणदाराला विचारलं, याआधीही पाखरं पडली होती का? त्यानं मान खाली घातली. दोन घारी आणि एक असाच गरुड. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्या पहाऱ्यात पाखरू मेलं म्हणून आपल्याला काढतील, असं त्याला वाटलं होतं. तिन्ही त्यानं हिवराखाली पुरली होती. त्याच्या आईनं त्यांच्यावर मीठ आणि ज्वारीचे दाणे टाकले होते. मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं, कारण त्याच्यावर ओरडायचा हक्क त्याच सकाळी माझ्या हातून गेला होता.

संध्याकाळी तांड्यावर बसून नायकाशी बोललो. माळाच्या पाठीला, पंख्यांपासून बरीच लांब, एक बंद पडलेली गिट्टीची खदान आहे. तिथून ना नाला जवळ ना विहीर. यापुढे ढोर तिथे टाकायचं ठरलं. नायक म्हणाला, "तुमी सांगतलं तं कडेवर नेलं, आता तुमी सांगता तं खदानीत नेऊ. पन डॉक्टर, एकदा पक्कं सांगा." मला ते लागलं. लागायलाच हवं होतं. पंख्याच्या ऑफिसातही अर्ज दिला, की माळावर ढोर पडलेलं दिसलं तर ते उचलेपर्यंत तेवढा पंखा थांबवा. अर्ज वर पाठवतो म्हणाले.

आठवड्याभरानं सकाळी आठला राखणदाराचा फोन. आवाज घाईचा.

"साहेब, गावातून कोनीतरी वर्साची कालवड टाकून गेलं. पंख्याच्या बुडालेच. आन ती आली हाय, हिवरावर बसून पाहून राह्यली."

गावाकडे निरोप पोचला नव्हता. मी तांड्याला सांगून आलो होतो आणि गावाला उद्या सांगू म्हणत राहिलो होतो. भिंतीवरची सूचनाही अजून जुनीच होती. मी पोचलो तेव्हा माळावर वारा नव्हता. पंखा स्तब्ध होता आणि मादी हिवराच्या शेंड्यावर बसलेली होती. थंडीत आमच्याकडे असंच असतं. ऊन तापलं की वारा उठतो, वारा उठला की पंखा फिरतो, आणि जड गरुडही उडायला त्याच उन्हाची आणि वाऱ्याची वाट पाहत असतो. तास, फार तर दीड तास हातात होता. कालवडीच्या कानातल्या बिल्ल्यावरून मालक कळला, त्याला फोन लावला, तो ट्रॅक्टर घेऊन कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलेला. पंख्याच्या ऑफिसातून उत्तर आलं, अर्ज वर गेला आहे. तांड्यावरची धडधाकट माणसं कापूस वेचायला दूरच्या शेतात.

राखणदारानं आपल्या झोपडीतून दोन दोर आणि ताडपत्री आणली. कालवडीचे मागचे पाय त्यानं बांधले, तिला ताडपत्रीवर घेतलं आणि ओढायला लागला. दहा हात गेली आणि अडकली. एकट्याचं काम नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. आमच्या घरचं त्याला ठाऊक होतं, या भागात सगळ्यांना ठाऊक आहे.

"तुमी नका हात लावू साहेब. म्या करतो हळूहळू."

मी लांब उभा होतो, तीस वर्षं उभा राहत आलो तसा. मला आजोबांचा फेकलेला दोर आठवला, मी तो कधी पाहिलेलाही नव्हता तरी. इतक्यात तुरीची वाळकी पानं जमिनीवर सरकायला लागली. वारा उठत होता. हिवरावर मादीनं पंख थोडे उघडले आणि पुन्हा मिटले.

मी दुसरा दोर उचलला आणि कालवडीच्या पुढच्या पायांना बांधला. मग दोघांनी खांद्यावर दोर घेऊन तिला माळ ओलांडून खदानीपर्यंत ओढत नेलं. तासाभराचं काम होतं. खांदा सोलवटला. कालवड खाली ढकलली आणि खदानीच्या काठावरून मागे पाहिलं तर पंखा फिरायला लागला होता. मादी हिवरावरून उठली, पंख्याला पाठ करून सरळ आमच्या दिशेनं आली आणि आमच्या डोक्यावर एक घिरटी घेऊन खदानीत उतरली. राखणदार तोंडानं काहीतरी पुटपुटला, त्याच्या बंजारा बोलीत, गोरबोलीत. मी अर्थ विचारला नाही.

घरी जाताना मला गरुडाचा आनंद कमी आणि वडिलांची भीती जास्त होती. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. ते अंगणात बसले होते. माझ्या कपड्यांचा वास त्यांना न सांगता कळला. मी सगळं सांगून टाकलं.

मग त्यांनी विचारलं, "कोनं बोलावलं होतं?"

"कोनीच नाही, बा. म्या सोताहून ओढलं."

"हं."

त्यांनी सुनेला पाणी तापवायला सांगितलं. मी अंघोळ करून आलो तरी ते तिथेच होते. म्हणाले, "तुया आज्यानं दोर फेकला तवा मी लहान होतो. सारे खुशीत होते, मीबी होतो. पन गावाच्या भायेर निंबावर गिधाडं बसून राहेत, वाट पाहत. मले वाटे, आपन तं सोडलं, आता त्यायले खायाले कोन देईन? पन हे त्या दिवशी कोनाले इचारनार?"

साठ-सत्तर वर्षं त्यांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं आमच्या घरातला 'काहून' माझ्यापासून सुरू झाला.

दुसऱ्याच दिवशी मी भिंतीवरची तिसरी सूचना चुन्यानं पुसली, नवी लिहिली आणि या वेळी घरोघरी जाऊन वाचून दाखवली. मादी त्यानंतरही कडेवरून उडायची, पंखाही फिरायचाच. सगळं निस्तरलं असं मी म्हणत नाही. एखादा दिवस ती दिसली नाही की राखणदाराचा मला आणि माझा त्याला फोन जायचा. पळस फुलून गेला, होळी झाली, आणि एका सकाळी त्यानं फोनवर सांगितलं की घरटं रिकामं आहे. तो पुढे म्हणाला, "या ना साहेब, मी पंख्याखाली नाई, खदानीपाशी उभा हाय. वर दोन उडताना दिसून राह्यले."

मी वडिलांना मोटारसायकलवर बसवून घेऊन गेलो. खदानीच्या काठावर डोळ्यांवर हात धरून ते वर पाहत राहिले. दोन होते, एक मोठा आणि एक फिकट, अजून नीट वळता न येणारा. वडिलांना किती दिसत होतं कोण जाणे, पण ते खाली पाहायला तयार नव्हते.

परतताना दवाखान्यात पाणी प्यायला थांबलो. कालवड ओढलेला माझ्या वाट्याचा दोर राखणदारानं धुऊन आणून दिला होता. तो तिथे खिळ्याला टांगलेला होता. फेकावा की ठेवावा, हे मला इतके दिवस ठरवता आलं नव्हतं. वडिलांनी तो पाहिला. जवळ जाऊन बोटांनी चाचपला. मी म्हणालो, "टाकून देतो, बा."

"कायले?" ते म्हणाले. "तो दोर गावाचा होता. हा तुया हाय. राहू दे."

मी तो तसाच खिळ्यावर राहू दिला आणि त्यांना पाणी दिलं.